पेट्रोल की डिझेल? (मायलेजचं गणित सोडून बोला)

तिसरा गिअर, शुक्रवार, रात्री १०:५०

मंडळी, गाडी बदलायची वेळ आलीय आणि गेले तीन आठवडे डोक्याचा पार भुगा झालाय. सध्याची १२०० सीसीची साधी पेट्रोल हॅचबॅक, टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) वगैरे काही नाही, अकरा वर्षं झाली तिला. आता सेडान घ्यायची, मॅन्युअलच घ्यायची, एवढं ठरलंय, फक्त पेट्रोल की डिझेल इथे गाडी अडलीय.

आधीच सांगतो, महिन्याला किती किमी होतात, किती वर्षांत पैसे वसूल होतात हे गणित मला येतं, करूनही झालंय, ते कृपया नको. मला फक्त एवढंच सांगा की चालवायला मजा कशात आहे. ऑफिसला जाणं-येणं सोडलं तर माझं ड्रायव्हिंग म्हणजे सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून घाट चढायचा, वर पोचायचं आणि उतरून घरी यायचं. बायको विचारते, वर जाऊन करतोस काय? काही नाही, परत येतो.

झालं असं की मागच्या महिन्यात मित्राची डिझेल चालवली. चढावरचं एक उजवं वळण संपवून बाहेर पडलो आणि सवयीने दुसऱ्यात टाकायला हात गेला तर तो म्हणाला, अरे राहू दे तिसऱ्यातच, दाब नुसतं. दाबलं. क्षणभर काहीच नाही, मला वाटलं बंद पडतेय, आणि मग कोणीतरी पाठीला दोन्ही तळवे लावून ढकलावं तशी गाडी निघाली! हसूच आलं मला. पण मजा येतेय येतेय म्हणेपर्यंत आरपीएमचा (इंजिनाचे मिनिटाला फेरे) काटा ४००० वर आणि पुढे नुसताच आवाज, जोर संपला. दुसऱ्या दिवशी माझी गाडी काढली तर ती एकदम आजारी वाटली. मग चिडून दुसऱ्यात ६००० पर्यंत ताणली आणि म्हटलं नाही नाही, हिच्यातही काहीतरी आहे जे त्या डिझेलमध्ये नव्हतं.

ते काहीतरी म्हणजे काय, ते मला कळत नाहीये. सांगा.

टॉर्कराव, शुक्रवार, रात्री ११:०२

डिझेल. झालं, धागा बंद करा.

लाल रेघ, शुक्रवार, रात्री ११:१५

असा कसा बंद करा? टॉर्कराव, तुम्ही चाळीसच्या स्पीडला पाचव्यात टाकून झोपा काढणाऱ्यांपैकी, तुमच्याकडून दुसरी अपेक्षाच नाही (दिवे घ्या).

तिसऱ्या गिअरा, तुला जे 'काहीतरी' वाटलं ना त्याला म्हणतात इंजिन उघडणं. साध्या पेट्रोल इंजिनात पायाचा अंगठा हलला की गाडी हलते, मध्ये कोणी दलाल नाही. जेवढं दाबशील तेवढंच मिळणार, आणि काटा वर जाईल तसा आवाज बदलत जातो, ३००० ला गुणगुण, ४५०० ला जरा घसा साफ केल्यासारखं, आणि ५५०० नंतर जे काय होतं ते लिहून सांगता येत नाही. होंडाची एस२००० आली होती १९९९ मध्ये, दोन लिटर, टर्बो नाही, आणि रेडलाइन, म्हणजे इंजिन फिरायची वरची हद्द, ९००० ला! लोक अजून तिच्या नावाने उसासे टाकतात, ते काही तिच्या टॉर्कसाठी (इंजिनाच्या पिळाच्या जोरासाठी) नाही. खालच्या आरपीएमला ती गाडी साधीच, तिच्याकडून काम करून घ्यावं लागतं. ते करून घेणं हीच मजा.

डिझेलमध्ये काय, सगळं जेवण पहिल्याच घासात. नंतर हात धुवा.

निळी छत्री, शुक्रवार, रात्री ११:४०

खुर्ची टाकून बसलेय, छान धागा.

माझ्याकडे सहा वर्षं डिझेल होती, आता पेट्रोल आहे, दोन्ही मॅन्युअल, दोन्ही मीच चालवते, तेव्हा थोडं बोलते. घाटाच्या सगळ्या गोष्टी वळण संपल्यावरच्या सांगतात लोक. वळणाच्या आत काय होतं ते कोणी सांगत नाही. हेअरपिनला, म्हणजे जिथे रस्ता पार उलटा फिरतो तिथे, गाडी दुसऱ्यात पण स्पीड एकदम कमी, काटा १२००-१३०० वर, पुढे बस आडवी, आणि तुम्ही पाय दाबता तर टर्बो अजून अंथरुणातच. गाडी कण्हते. मग क्लच अर्धा दाबून, नाहीतर सरळ पहिला टाकून चढायचं. मागच्याला वाटतं हिला चालवता येत नाही. आणि १८०० ओलांडले की अचानक सगळा जोर एकदम येतो, नेमका तेव्हा जेव्हा स्टिअरिंग अजून वळलेलंच आहे. ओल्या रस्त्यावर एकदा पुढचं आतलं चाक चांगलं फिरलंय माझं.

सवय होते हे मान्य. सहा महिन्यांत कळतं की पाय थोडा आधी द्यायचा, वळण संपायच्या आधीच टर्बोला हाक मारून ठेवायची. पण ज्याला हलका पाय आवडतो त्याला पेट्रोलच बरी. आणि क्लच. माझ्या डिझेलचा क्लच जड होता, ट्रॅफिकमधला एक तास म्हणजे डाव्या पायाचा व्यायाम. आताच्या गाड्यांत बराच हलका झालाय म्हणतात, तरी टेस्ट ड्राइव्ह घेताना मोकळ्या रस्त्यावर भुलू नका, जरा गर्दीतून चालवून बघा.

तिसरा गिअर, शनिवार, सकाळी ७:२०

छत्रीताई, हे कोणीच सांगितलं नव्हतं, आभार. मित्राच्या गाडीत ते क्षणभर 'काहीच नाही' झालं ते हेच असणार.

वंगण, शनिवार, सकाळी ९:०५

आयुष्यभर इंजिनं उघडली, आता निवृत्त आहे, त्यामुळे वेळच वेळ. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

डिझेल इंजिन जास्त फिरत नाही यामागे कंपनीचा आळस नाही, त्याचा जन्मच तसा आहे. पेट्रोलमध्ये हवा आणि इंधन आधीच मिसळलेलं असतं किंवा मिसळायला बऱ्यापैकी वेळ मिळतो, स्पार्क पडला की ज्वाला पसरते. डिझेलमध्ये स्पार्क नाही. नुसती हवा इतकी दाबायची की ती भट्टीसारखी तापते आणि त्या तापलेल्या हवेत अगदी शेवटच्या क्षणी डिझेल फवारायचं. मग त्या थेंबांनी वाफ व्हायचं, हवेत मिसळायचं आणि पेटायचं, सगळं पिस्टन खाली निघायच्या आसपास. आता हिशोब बघा, ६००० आरपीएमला इंजिन सेकंदाला १०० वेळा फिरतं, म्हणजे पिस्टनला वरून खाली यायला मिळतात ५ मिलिसेकंद. डिझेलला ते पुरत नाहीत, उशिरा जळलेलं इंधन जोर देत नाही, धूर देतं. म्हणून ४५००-५००० ला दुकान बंद.

दुसरं, वजन. पेट्रोलमध्ये कॉम्प्रेशन १० ते १२ पट, डिझेलमध्ये साधारण १५ ते १८ पट, वर टर्बोचा दाब. तेवढं सोसायला पिस्टन, रॉड, क्रँक सगळं दणकट लागतं, म्हणजे जड. आणि पिस्टनला वर-खाली थांबवून उलटं फिरवायचा ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ४५०० वरून ६५०० ला गेलात तर तो दुपटीच्या वर. जड पिस्टनला ते झेपत नाही. लाल रेघ म्हणतात ते 'उघडणं' यामुळेच डिझेलमध्ये नाही.

आणि हे वजन बसतं कुठे, तर पुढच्या चाकांच्या डोक्यावर. एकाच मॉडेलची दोन ब्रोशरं शेजारी ठेवा आणि कर्ब वेट (रिकाम्या गाडीचं वजन) बघा, डिझेलवाली बहुतेक वेळा जड निघते आणि तो फरक जवळजवळ सगळा नाकावर असतो. वळणात आत शिरताना पेट्रोलचं नाक पटकन वळतं, डिझेलचं जरा विचार करून वळतं. वळणावळणाच्या रस्त्यावर हा फरक मला तरी इंजिनाच्या फरकाइतकाच मोठा वाटतो, पण बोलत कोणी नाही त्यावर, सगळे टॉर्क टॉर्क करत बसतात.

टॉर्कराव, शनिवार, सकाळी ९:३०

वंगणकाका, नाव घेऊन बोला की :)

ठीक आहे, आता मी पण लांबण लावतो. डिझेल म्हणजे ट्रॅक्टर हा समज आहे ना, तो जरा काढून टाकू. १९९८ ची नुर्बुर्गरिंगची २४ तासांची शर्यत कोणी जिंकली? बीएमडब्ल्यू ३२०डी. डिझेल! पेट्रोलवाले इंधन भरायला थांबत होते आणि ही पळत होती. मग २००६ ला ल मांसची २४ तासांची शर्यत ऑडीच्या आर१० टीडीआयने जिंकली, साडेपाच लिटरचं व्ही१२ डिझेल, साडेसहाशेच्या वर हॉर्सपॉवर आणि ११०० च्या वर न्यूटन मीटर. २००७ आणि २००८ ला परत तीच. २००९ ला पुजो, ती पण डिझेल. त्याच २००६ मध्ये जेसीबीने, हो तेच पिवळे खोदणारे, बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर डिझेल गाडी ताशी ५६३ किमीला नेली.

तर जोर, वेग, शर्यत, सगळं करून झालंय. आता मजेचं. मला मजा कशात येते सांगू? हायवेला ८० ने चाललोय, पुढे ट्रक, समोरचा रस्ता मोकळा झाला, गिअरला हात न लावता पाय दाबला आणि ट्रक मागे. तो जोर पोटात जाणवतो. पेट्रोलवाला तोपर्यंत दोन गिअर खाली, इंजिन किंचाळतंय, शेजारची व्यक्ती दाराचं हँडल धरून बसलीय. ती मजा असेल तुमची, माझी नाही.

लाल रेघ, शनिवार, सकाळी १०:१०

ल मांसला ती आर१० गेली तेव्हा लोकांनी काय म्हटलं माहितीये का, केवढी शांत गाडी! शर्यतीच्या गाडीबद्दल हे कौतुक आहे की तक्रार ते तुम्हीच ठरवा.

आणि इतिहासच काढताय तर १९५२ पण काढा. इंडियानापोलिसला कमिन्सची डिझेल गाडी पात्रता फेरीत सगळ्यात वेगवान ठरून पोल पोझिशनला उभी होती, हे खरंच भारी. पण शर्यतीत टायरच्या रबराचे कण टर्बोच्या तोंडात जाऊन चोंदला तो, आणि गाडी २०० पैकी ७१ व्या फेरीला घरी. डिझेल आणि चोंदणं यांचं नातं जुनंच आहे :)

शंकेखोर, शनिवार, दुपारी १:४५

मला एक मूलभूत शंका आहे, हसू नका. ब्रोशरमध्ये पेट्रोलला १४५ न्यूटन मीटर आणि डिझेलला २५० लिहिलेलं असतं. मग डिझेल पावणेदोन पट वेगाने पळायला हवी ना, पण ० ते १०० दोघींना जवळपास सारखाच वेळ. हे कसं काय? कोणीतरी खोटं बोलतंय का?

वंगण, शनिवार, दुपारी ३:२०

कोणी खोटं बोलत नाही. २५० हा आकडा इंजिनाच्या दांड्यावरचा, तुम्हाला पाठीत जाणवतो तो चाकावरचा. मध्ये गिअरबॉक्स बसलाय.

डिझेल कमी फिरतं म्हणून त्याला लांब गिअर द्यावे लागतात. समजा तिसऱ्यात एका ठराविक स्पीडला डिझेल २००० ला फिरतंय तर पेट्रोल साधारण २६०० ला असेल. (आकडे समजुतीसाठी घेतलेत, प्रत्येक गाडीचे वेगळे.) म्हणजे पेट्रोलचा गिअर ३० टक्के जास्त गुणतो. २६०० ला पेट्रोल देतंय १२५, गुणिले १.३ म्हणजे १६२. समोर डिझेलचे २५०. अजूनही डिझेलच पुढे, म्हणूनच टॉर्करावांचा ट्रक एका पायात मागे पडतो, ते खरं बोलतायत. पण आता पेट्रोलवाल्याने दुसरा टाकला, काटा गेला ३९०० ला, तिथे समजा १४० मिळतात, आणि दुसऱ्या गिअरचा गुणाकार आणखी दीडपट, म्हणजे १.९५. झाले २७३. डिझेल मागे!

म्हणजे जोर दोघींकडे आहे. एकीने तो टेबलावर मांडून ठेवलाय, दुसरीकडे कपाटातून काढावा लागतो. किल्ली म्हणजे गिअरचा दांडा.

शंकेखोर, शनिवार, दुपारी ३:४१

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. काका, धन्य.

मधला मार्ग, शनिवार, सायंकाळी ६:००

सगळे साधं पेट्रोल विरुद्ध टर्बो डिझेल असं भांडताय, पण आता टर्बो पेट्रोल आहे की. १५००-१७५० पासून पूर्ण टॉर्क, वर ५५००-६००० पर्यंत फिरतं, नाक हलकं, दोन्हीकडचं चांगलं. माझी तीच आहे आणि मी खूश आहे. घाटात उंचीवर तर फारच, कारण साध्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण १० टक्क्यांनी उतरते, हवाच विरळ ना, टर्बो ते बरंचसं भरून काढतो.

एकच, तुम्ही मायलेज काढू नका म्हणालात तरी अर्धं वाक्य लिहितो, हिच्यात एकतर टर्बोची मजा घ्या नाहीतर मायलेज घ्या, दोन्ही एका दिवशी मिळत नाही. टाकी लवकर रिकामी होते म्हणजे मध्ये थांबावं लागतं, हाही ड्रायव्हिंगच्या आनंदाचाच भाग झाला ना. मुळात लिटरमागे डिझेलमध्ये ऊर्जाच १०-१२ टक्के जास्त असते, वर इंजिन काटकसरी, त्यामुळे लांब पल्ल्याला एकटाकी जायचं सुख डिझेलवाल्यांचंच.

लाल रेघ, शनिवार, सायंकाळी ६:२५

टर्बो पेट्रोल चांगलंय, पण बऱ्याच छोट्या टर्बो इंजिनांचा ५००० नंतर दम सुटतो, फिरतं पण येत काही नाही. आवाजही दबलेला, टर्बो सायलेन्सरचं काम अर्धं आधीच करून टाकतो. घ्यायच्या आधी एकदा पूर्ण वरपर्यंत ओढून बघा.

टॉर्कराव, शनिवार, सायंकाळी ७:१०

बरं मग उतरताना? घाट उतरताना डिझेलचं इंजिन ब्रेकिंग जास्त असतं, एवढं तरी द्या आम्हाला. कॉम्प्रेशन जास्त ना.

वंगण, शनिवार, रात्री ८:३०

नाही देत. हा फार जुना गैरसमज आहे. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी असते, वर जाताना अडवते पण खाली येताना तेवढंच ढकलून परत देते, घर्षण आणि उष्णतेत जाईल तेवढंच काय ते वजा. पेट्रोलमध्ये पाय सोडला की थ्रॉटलची झडप मिटते आणि इंजिन बंद तोंडाने श्वास ओढायला धडपडतं, ती धडपड म्हणजे ब्रेक. डिझेलमध्ये हवा अडवून वेग ठरवत नाहीत, तोंड उघडंच. म्हणून तर मोठ्या ट्रकांना वेगळा एक्झॉस्ट ब्रेक बसवावा लागतो, नाहीतर कशाला बसवला असता? डिझेल कार उतारावर धरल्यासारखी वाटते ती जड फिरत्या भागांच्या घर्षणाने, आणि लांब गिअर त्यातलंही थोडं खातात. उतरताना कुठलीही असो, खालच्या गिअरमध्ये उतरा, एवढंच.

निळी छत्री, शनिवार, रात्री ८:४८

+१. रच्याकने (बाय द वे), पेट्रोल घेतल्यावर घाट उतरताना ब्रेकवर पाय कमी जातो हे मला जाणवलं होतं, कारण आज कळलं.

वंगण, रविवार, सकाळी ८:१५

आणखी एक, कारण गाडी मालकाचं ऑफिस जवळ आहे की लांब ते त्याने लिहिलं नाही. आताच्या डिझेलला डीपीएफ असतो, काजळी अडवणारी जाळी. ती भरली की इंजिन जास्तीचं इंधन जाळून तिला ६०० अंशांच्या आसपास तापवतं आणि काजळी जाळून टाकतं. त्याला सलग मोकळ्या रस्त्याची पळवणूक लागते. रोज चार किमी जाऊन गाडी बंद करणाऱ्याची ही जळणी दर वेळी अर्धवट राहते, जाळी चोंदते, जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. माझ्याकडे एकजण आला होता, गाडी दोन वर्षांची आणि दिवा लागलेला. म्हणाला काका मी तर फार जपून चालवतो. म्हटलं तेच चुकलं, जा, तिसऱ्या गिअरमध्ये हायवेला अर्धा तास हाणून ये. आला तेव्हा दिवा गेलेला आणि चेहरा खुललेला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने गाडी चालवली होती बहुतेक.

तर डिझेलला मजा करायची सक्ती आहे, असंही बघता येईल.

लाल रेघ, रविवार, सकाळी ९:००

डिझेल आणि चोंदणं. मी आधीच म्हटलं होतं.

मधला मार्ग, रविवार, सकाळी ११:३०

तसंही निवड फार दिवस राहणार नाही. २०१५ ला फोक्सवॅगनचं उत्सर्जन चाचणीतल्या फसवणुकीचं प्रकरण बाहेर आलं तेव्हापासून डिझेलची हवा गेली, नियम कडक झाले, छोट्या गाडीत ही सगळी जाळ्या-फवाऱ्यांची यंत्रणा परवडत नाही म्हणून छोटी डिझेलं आधी गेली. व्होल्वोने तर २०२४ च्या सुरुवातीला शेवटची डिझेल गाडी बनवून विषय संपवला. ज्याला डिझेल आवडतं त्याने आत्ताच घ्यावी.

टॉर्कराव, रविवार, सकाळी ११:४२

वाईट वाटतं राव. खरंच.

तिसरा गिअर, पुढचा रविवार, सायंकाळी ५:३५

आलो. उशिराबद्दल माफी, पण गृहपाठ करून आलोय.

आठवडाभरात तीन टेस्ट ड्राइव्ह घेतल्या, दीड लिटर साधं पेट्रोल, एक लिटर टर्बो पेट्रोल आणि दीड लिटर डिझेल. तिन्ही एकाच रस्त्यावर, मुद्दाम निवडला होता, एक लांब चढ, दोन हेअरपिन, मग सरळ पट्टा आणि परत उतार. छत्रीताईंचं ऐकून येताना गर्दीच्या चौकातून आलो.

डिझेल आधी. पहिल्या हेअरपिनला ताई म्हणाल्या तस्संच, कण्हली, मग एकदम उसळली. दुसऱ्या हेअरपिनला पाय आधी दिला आणि अहाहा, वळण संपलं आणि जोर बरोबर तिथेच हजर! सरळ पट्ट्यावर तिसऱ्यातून चौथा, संपला विषय. मागे बायको बसली होती, ती चक्क झोपली. टॉर्कराव, गाडी फार मोठी आहे, तुमच्याबद्दल आदर वाढला. पण चढ संपल्यावर लक्षात आलं की मी काही केलंच नाही. वरपर्यंत गाडीने नेलं मला.

टर्बो पेट्रोल सगळ्यात वेगवान वाटली. चूक काढायला जागाच नाही, आणि लाल रेघ म्हणाले ते बघायला ताणली, ५००० नंतर खरंच नुसता काटा फिरतो. उतरलो आणि पाच मिनिटांनी आठवायला गेलो तर विशेष काही आठवेना. चांगल्या गाडीबद्दल असं म्हणणं अन्याय आहे, पण झालं तसं.

मग साधं पेट्रोल, ब्रोशरमध्ये तिघींत सगळ्यात कमी टॉर्क. चढ सुरू झाला, तिसऱ्यात दाबलं, काही नाही. शोरूमचा मुलगा शेजारी, तो म्हणतो सर, गाडी आरामात चालवायची आहे ही. वळण आलं. ब्रेकवर पंजा, त्याच पायाच्या कडेने अ‍ॅक्सिलरेटरला टिचकी, क्लच, दुसरा. काटा ३९०० च्या आसपास टेकला (काका, तुमचा आकडा!) आणि गिअर लोण्यात सुरी गेल्यासारखा बसला, झटका नाही, काही नाही. नाक आत वळलं, पाय दाबला, ४५००, ५५००, ६२००, तिसरा. पुढच्या वळणाला परत तेच, पण या वेळी टिचकी जरा जास्त झाली, गाडीने धक्का दिला. तिसऱ्या वेळी परत जमलं. मागून बायको म्हणाली, एवढी का ओरडतेय ही? मुलगा गप्प. माझे हात घामाने ओले आणि मी हसतोय.

तेव्हा कळलं ते 'काहीतरी' काय होतं. मला गाडीचा जोर आवडत नाही, मला तो कपाटातून काढायचं काम आवडतं. अकरा वर्षं अशक्त गाडी चालवून चालवून ही सवय लागलीय की मुळातच मी असा आहे माहीत नाही. ज्याला जोर आवडतो त्याने डिझेलच घ्यावी, त्या सरळ पट्ट्यावर ती जे करते ते हिला सात जन्मात जमणार नाही.

बुकिंग केलं. दीड लिटर, साधं पेट्रोल, पाच आठवड्यांनी मिळेल.

लाल रेघ, पुढचा रविवार, सायंकाळी ५:४१

!!!!! अभिनंदन! पहिले हजार किमी जास्त ताणू नकोस, मग बघू.

वंगण, पुढचा रविवार, सायंकाळी ६:१०

पायाची कडवाली टिचकी जमली नाही तेव्हा धक्का बसला, तो क्लचला बसला. हळूहळू शिका. अभिनंदन.

निळी छत्री, पुढचा रविवार, सायंकाळी ६:३०

अभिनंदन! वहिनींना पुढे बसवा, मागे आवाज जास्त येतो.

टॉर्कराव, पुढचा रविवार, रात्री ९:००

अभिनंदन रे, मनापासून. तुला काम आवडतं, मला सुट्टी आवडते, एवढाच फरक. गाडी आली की एका पहाटे ठरवून जाऊ. तू कर तुझे गिअर वर-खाली, मी तिसऱ्यातच येतो. पण वर जाऊन करायचं काय?

तिसरा गिअर, पुढचा रविवार, रात्री ९:०४

काही नाही. परत यायचं.